संत्रे नव्हे, मोसंबे!

फळवाल्याच्या पाटीवर 'ब्लड ऑरेंज' वाचून आमच्या परिचयातल्या एका आजींनी पुढे केलेली पिशवी मागे घेतली. 'असलं नाव असलेलं उपासाला नको गं बाई!' हसू आले खरे, पण दोष आजींचा नाही, पाटीचा आहे. रक्तचंदनाचा लेप लावताना कुणाच्या मनात रक्त येत नाही. मराठीत 'रक्त' हा रंगही आहे. इंग्रजीतले 'ब्लड' देवनागरीत आले, की थेट रक्तपेढीच्या दारात नेऊन सोडते. ज्या सिसिलीत या फळाचे खरे घर, तिथले लोक त्याला 'आरान्चा रोस्सा' म्हणतात. म्हणजे नुसते तांबडे संत्रे.

आपल्याला तर 'संत्रे' म्हणण्याचीही गरज नाही. नागपुरी संत्रे मॅन्डरिन गटातले. साल सैल, नख लावले की फोडी मोकळ्या. हे तांबडे फळ 'स्वीट ऑरेंज' जातीचे, आणि आपल्या फलोद्यानशास्त्राने त्याच जातीत बसवलेले ओळखीचे फळ म्हणजे जालन्याकडचे मोसंबे. तीच घट्ट साल, तोच सुरीचा आग्रह. संत्रे समजून नखाने सोलायला जाल तर रस मनगटावरून बाहीवर येईल, आणि तो डाग जांभळाच्या डागाइतकाच चिवट. रंगद्रव्यही जांभळाच्याच घराण्यातले आहे, अँथोसायनिन. वांग्याच्या सालीतही तेच घराणे. गुलाबी ग्रेपफ्रूटचा रंग मात्र टोमॅटोतल्या लायकोपीनचा, त्याचा याच्याशी संबंध नाही. तेव्हा आम्ही आपले 'रक्तमोसंबे' म्हणू.

मग आपले मोसंबे तांबडे का होत नाही? 2012 साली इंग्लंडमधल्या जॉन इन्स सेंटरच्या शास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. हा रंग चालू करणाऱ्या जनुकाला त्यांनी 'रूबी' नाव दिले. साध्या ऑरेंजमध्येही ते असते, पण निजलेले. तांबड्या जातीत त्याच्या शेजारी जागा बदलत फिरणारा एक डीएनएचा तुकडा येऊन बसला, आणि हा तुकडा थंडीने जागा होतो. म्हणून एटना ज्वालामुखीच्या भोवतालचा, कातानिया आणि सिराकुसाकडचा मुलूख या फळाला मानवतो: हिवाळ्यात दिवसा ऊन, रात्री गारठा. ब्राझीलच्या उकाड्यात याच झाडांना रंगाचा भरवसा नाही. पंजाबात 'ब्लड रेड' माल्टा लावतात, पाकिस्तानात खानपूरचा तांबडा माल्टा नावाजलेला आहे; दोन्हीकडे रात्री कुडकुडायला लावणाऱ्या. गंमत अशी की तोडलेले फळ गार गोदामात ठेवले तरी आतून आणखी तांबडे होत राहते.

आता चव. इथे रंगाने फसू नये. सिसिलीत तीन वाण मुख्य. मोरो हिवाळ्याच्या सुरुवातीलाच येते आणि कापल्यावर जवळजवळ काळे दिसते. पहिला घोट मोसंब्याचा नसतोच. पिकल्या करवंदाकडे, तुतीकडे जाणारा एक रानटी वास नाकात भरतो, मग आंबट, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी किंचित कडू. सरबताला, सॉसला हे उत्तम. फ्रेंच स्वयंपाकातला 'माल्टेज' सॉस अशाच फळांच्या रसावर उभा आहे. नुसते खायला घेतलेत तर दुसऱ्या फोडीला विचार कराल. तारोक्को याच्या उलट. बाहेरून नारिंगी, आत कुठे तांबड्या रेघा, कुठे शिंतोडे, कधी काहीच नाही. दुकानात कापून पाहणारा 'फसवलं' म्हणेल असे. आणि खायला तिघांत श्रेष्ठ तेच. गोडी भरपूर, पण आपल्या मोसंब्याची ती एकसुरी, आजाऱ्याला पाजायची गोडी नव्हे. तिला आंबटाची धार आहे. सांग्विनेल्लो मूळचे स्पेनचे, हंगामाच्या उत्तरार्धात येते, या दोघांच्या मधे कुठेतरी.

सिसिलीकर याच्या चकत्यांवर मीठ, मिरपूड, ऑलिव्ह तेल घालतात, बडीशेपेच्या कोवळ्या गड्ड्याचे काप आणि काळे ऑलिव्ह मिसळतात, आणि जेवणात खातात. फळाला मीठ लावले म्हणून नाक मुरडणारे आपल्यात नाहीत. पेरू-कैरीवर तिखटमीठ भुरभुरणाऱ्यांना ही कोशिंबीर शिकवावी लागणार नाही.

युरोपीय संघाने 1996 सालीच सिसिलीच्या या तांबड्या फळांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण दिले, तेही तिन्ही वाणांची नावे धरून. आपल्याकडे मात्र ती परदेशी फळांच्या दुकानात जाळीदार टोपी घालून बसतात आणि चढ्या भावाला विकली जातात, पण वाण कोणता हे दुकानदारालाही ठाऊक नसते. हापूस की पायरी हे न सांगता नुसता 'आंबा' म्हणून पेटी विकायची हिंमत तो करील काय? फळवाल्यांनो, पाटीवरचे ते 'ब्लड' पुसा आणि त्या जागी मोरो की तारोक्को एवढे लिहा. आजींना तारोक्कोच द्या.