कडी हरवलेले विकर



शाळेतली पालकसभा संपल्यावर एका विद्यार्थ्याची अम्मी मागे थांबली. "टीचर, तुम्ही सायन्स शिकवता म्हणून विचारते," ती म्हणाली. तिच्या शौहरांना दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग निघाला. त्याचे नाव सीएमएल. उपचार म्हणजे रोज एक गोळी, इमॅटिनिब. ताजा रिपोर्ट छान आला होता. "आता ते म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, तर रमजानचा महिनाभर गोळी बंद ठेवतो, रोजे पूर्ण करतो. चालेल का?"

मी डॉक्टर नाही. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका," एवढेच मी सांगितले. पण 'का' ते सांगायचे राहून गेले. ते आज लिहिते.

आपल्या पेशींमध्ये निरोप पुढे पोहोचवणारी काही विकरे असतात. त्यांना कायनेझ म्हणतात. माणसाच्या शरीरात त्यांचे पाचशेहून अधिक प्रकार आहेत, पण सगळ्यांचे काम एकच. शाळेच्या पुस्तकात ज्याला ऊर्जेचे चलन म्हणतात त्या एटीपीवरून फॉस्फेटचा एक तुकडा काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर चिकटवायचा. फॉस्फेट लागले की त्या प्रथिनाचा आकार बदलतो. कुणी कामाला लागते, कुणी थांबते. 'आता वाढ', 'आता दोन हो' असे निरोप पेशीत असेच फिरतात. या यंत्रणेच्या शोधासाठी एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांना 1992 मध्ये नोबेल मिळाले.

हे विकर सुरू कसे होते? एक तळहात दुसऱ्यावर ठेवा आणि मध्ये थोडी फट राहू द्या. वरचा भाग लहान, खालचा मोठा. कायनेझची ठेवण साधारण अशीच असते. एटीपी त्या फटीत बसते. फटीच्या तोंडाशी प्रथिनाचाच एक सैल पट्टा असतो. विकर बंद असते तेव्हा हा पट्टा आत दुमडून वाट अडवतो. त्या पट्ट्यावर फॉस्फेट लागले की तो सरळ होऊन बाजूला होतो, आतले भाग आपापल्या जागी बसतात आणि काम सुरू होते. म्हणजे विकर तेच राहते, फक्त त्याची बसण्याची ढब बदलते.

आता एबीएल नावाचे कायनेझ पाहू. ते नको तेव्हा सुरू होऊ नये म्हणून त्याला स्वतःचीच कडी असते. त्याच्या एका टोकाला चरबीसारख्या पदार्थाचा छोटा तुकडा असतो. हे टोक वळून खालच्या भागातल्या एका खाचेत बसते. ते बसले की विकराचे आणखी दोन भाग पाठीमागून त्याला जखडून ठेवतात. 2003 मध्ये स्फटिकांवर क्ष-किरण टाकून शास्त्रज्ञांनी ही रचना पाहिली.

सीएमएलमध्ये नेमकी हीच कडी हरवते. अस्थिमज्जेतल्या एका पेशीत 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. ही अदलाबदल शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी 1973 मध्ये ओळखली. त्यात एबीएलचे कडीचे टोक कापले जाते आणि त्या जागी बीसीआर नावाच्या प्रथिनाचा भाग जोडला जातो. या भागाला एकमेकांना बिलगण्याची सवय आहे. चार-चार रेणू एकत्र येतात आणि एकमेकांच्या पट्ट्यावर फॉस्फेट लावतात. मग बाहेरून हुकूम यायची गरजच उरत नाही. 'वाढ, वाढ' हा निरोप थांबत नाही आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

इमॅटिनिब त्या फटीत जाऊन बसते, तेही विकर बंद ढबीत असताना, आणि त्याला तसेच धरून ठेवते. 2001 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीत ते पहिल्यापासून दिले गेले, तिथे पाच वर्षांनंतर सुमारे 89 टक्के रुग्ण हयात होते.

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोळी गुणसूत्र दुरुस्त करत नाही. हरवलेली कडी परत येत नाही, गोळी फक्त कडीचे काम करते. सुमारे 18 तासांत तिचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते. दोन-चार दिवस गोळी नसली की विकराला धरून ठेवणारे कुणी उरत नाही. रिपोर्ट चांगला आहे म्हणून गोळी बंद करायला निघालो, तर तो चांगला गोळीमुळेच आहे हे आपण विसरलो.

काही रुग्णांची गोळी डॉक्टर पुढे बंद करून पाहतात. पण त्याआधी अनेक वर्षे रिपोर्ट फार चांगले असावे लागतात आणि नंतर वारंवार रक्त तपासावे लागते. तरीही जवळजवळ निम्म्या जणांचा आजार परततो, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच. हा निर्णय घरात बसून घेण्यासारखा नाही.

मग रोज्याचे काय? इमॅटिनिब जेवणाबरोबर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची असते. ती दिवसातून एकदाच असेल, तर इफ्तारनंतरच्या जेवणासोबत चालेल का, हे रमजान लागण्याआधी डॉक्टरांना विचारा. शेजाऱ्याचे ऐकून वेळ ठरवू नका, कारण याच आजाराची निलोटिनिब ही गोळी रिकाम्या पोटी, दिवसातून दोनदा घेतात. आणि डॉक्टरांनी रोजा नको म्हटले तर मन खट्टू करू नका. आजारी माणसाला सवलत खुद्द कुरआनने, सूरह बकरामध्ये दिली आहे. कजा करायची की फिदिया द्यायचा, ते आपल्या आलिमांना विचारा.

ती अम्मी पुढच्या आठवड्यात शौहरांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. त्यांची तब्येत पाहून डॉक्टरांनी रोज्याला परवानगी दिली आणि गोळीची वेळ रात्रीच्या जेवणावर नेली. हा सल्ला त्यांच्यापुरता आहे. आपला सल्ला आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो. आमीन.