सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो?

सिझेरियन ठरलं की घरचे हमखास विचारतात, 'पाठीत इंजेक्शन दिल्यावर बाळाला काही होणार नाही ना?' 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 25.4 टक्के, म्हणजे चारपैकी एक बाळंतपण सिझेरियननं होतं. त्यामुळे हा प्रश्न बुलढाण्यातल्याही अनेक घरांचा आहे.

वारेला रक्त कसं मिळतं?

नऊ महिने भरत आल्यावर आईच्या गर्भाशयातून मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त वाहतं. त्यातलं बहुतेक वारेकडे, म्हणजे प्लासेंटाकडे जातं आणि तिथून बाळाला ऑक्सिजन मिळतो. मेंदूला आपला रक्तपुरवठा बऱ्याच अंशी सांभाळता येतो, वारेला ते जमत नाही. आईचं बीपी उतरलं की वारेचं रक्तही कमी होतं.

भुलीनं नेमकं काय होतं?

पाठीतली भूल दुखणं थांबवते, तशीच रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही बधिर करते. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं. स्पायनलमध्ये हे काही मिनिटांत होतं. एपिड्युरलमध्ये बारीक नळीतून औषध थोडंथोडं देता येतं, त्यामुळे बीपी सावकाश उतरतं. आई उताणी झोपली असेल तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून भर पडते. बीपी बराच वेळ खाली राहिलं, तर बाळाचे ठोके मंदावू शकतात.

उपाय काय?

उपाय साधे आहेत: उजव्या कुशीखाली उशी देऊन आईला किंचित डावीकडे कलवणं, सलाईन, दर एक-दोन मिनिटांनी बीपी मोजणं आणि ते उतरताच फेनिलेफ्रिनसारखं औषध देणं. वेळेत सावरलं तर बाळाला सहसा धोका नसतो.

मग अडचण कुठे?

हे सगळं करायला प्रशिक्षित माणूस टेबलाशेजारी हवा. बुलढाण्यात 2024 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पण एमबीबीएसची साडेपाच वर्षं आणि भूलशास्त्राच्या एमडीची तीन वर्षं धरली, तर पहिल्या बॅचमधून भूलतज्ज्ञ मिळायला 2033 तरी उजाडेल. तोपर्यंत भिस्त आहे त्याच डॉक्टरांवर.

म्हणून इंजेक्शनला घाबरण्यापेक्षा दोन गोष्टी करा. गरोदरपणात बीपी वाढलं असेल तर ते आधीच सांगा. आणि विचारा: भूल कोण देणार, आणि ते शेवटपर्यंत थांबणार ना?