नव्याची प्रतीक्षा आणि चालू हंगाम

मोबाईल घ्यावयाचा झाल्यास तो आता न घेता नवे यंत्र बाजारात येईपर्यंत थांबावे, म्हणजे एकतर अधिक चांगले पदरात पडेल किंवा आजचेच कमी पैशात मिळेल, असा सल्ला हल्ली इतक्या गंभीरपणे दिला जातो की, तो देणाऱ्यास दूरदर्शी आणि न मानणाऱ्यास उधळ्या समजण्याची रीतच पडून गेली आहे. मोरगावी या सल्ल्यास मुहूर्ताचेही पाठबळ आहे. कारण मयूरेश्वराच्या या गावी दसऱ्याचा सोहळा मोठा, साडेतीन मुहूर्तांपैकी तो एक, आणि त्याच सुमारास दुकानांवर सवलतींचे फलक लागत असल्यामुळे ‘आता कशाला, दसऱ्याला बघू’ हे वाक्य धर्म आणि अर्थ या दोन्ही पुरुषार्थांस धरून आहे असे वाटू लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते अर्थास तरी धरून नाही. आणि कऱ्हाकाठच्या जिरायत पट्ट्यात तर ते बहुधा तोट्याचेच ठरते.

पूर्वपक्ष मात्र त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. एका चिपवर मावणाऱ्या सूक्ष्म घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे भाकीत गॉर्डन मूर यांनी १९६५ साली केले आणि पुढे कित्येक दशके ते स्थूलमानाने खरे ठरले. तेव्हा थांबणाऱ्याच्या बाजूने काळच उभा राहतो, हे म्हणणे निराधार नाही. शिवाय प्रतीक्षावाद्यांपाशी एक बिनतोड दाखला आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली ती केवळ फोरजीवर. आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ज्याने थ्रीजीचा कोरा करकरीत फोन मोठ्या हौसेने घेतला होता, त्यास गावभर फुकट चाललेले इंटरनेट नुसते पाहत बसावे लागले. चार महिने थांबलेला तेथे शहाणा ठरला, हे निर्विवाद आहे.

परंतु या एका दाखल्यावर सिद्धान्ताची इमारत उभारणारे लोक १ ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट सोयीस्करपणे दप्तराबाहेर ठेवतात. त्या दिवशी देशात फाइव्हजीचा आरंभ झाला, आणि तत्पूर्वी फोरजीचा फोन घेतलेल्यांचे काडीइतकेही बिघडले नाही. कारण २०१६ साली जुन्या यंत्रास मज्जाव करणारे जाळे आले होते, तर २०२२ साली नवे जाळे जुन्याच्या जोडीस येऊन बसले. जुन्या यंत्राचा प्रवेशच बंद होणार असेल, तर थांबावे. तसे प्रसंग दशकातून एखादे येतात. दरवर्षीची नवी आवृत्ती या सदरात मोडत नाही.

दुसरे गृहीतक किमतीचे. काळ लोटला की यंत्र स्वस्त होते, असे आपण धरून चालतो. पण १ एप्रिल २०२० रोजी मोबाईलवरील वस्तू-सेवा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला, तेव्हा मार्चअखेर थांबलेल्यास थांबण्याचाच दंड पडला. २०२५ च्या अखेरीस तर वेगळीच तऱ्हा झाली: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अजस्र संगणक-केंद्रांना स्मृती-चिपा हव्या, त्या बनवणाऱ्या मूठभर कंपन्यांनी आपला ओघ तिकडे वळविला, आणि परिणामी साध्या फोनात पडणारी स्मृतीही महागली. आपल्या खिशातल्या फोनाची किंमत परदेशातल्या संगणक-केंद्रांच्या भुकेवर ठरू लागल्यावर, उद्या स्वस्त होईल अशी हमी दुकानदार कशाच्या आधारे देतो, हे त्यालाच ठाऊक.

आणि खरोखरच स्वस्त झाले तरी? येथे प्रतीक्षावाद्यांच्या जमाखर्चातील सर्वांत मोठी गफलत आहे. फोनास कंपनीकडून सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार, ही मुदत तो बाजारात आल्या दिवसापासून मोजली जाते. आपण घेतला त्या दिवसापासून नव्हे. गूगलने ऑक्टोबर २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ च्या एस २४ पासून सात वर्षांचे आश्वासन दिले आहे. पण ते उंची माल झाले. सर्वसाधारण कुटुंबाच्या आवाक्यातील अनेक फोनांची मुदत याहून पुष्कळ कमी असते. चार वर्षांच्या मुदतीचा फोन दोन वर्षे थांबून तीन हजार रुपये कमी देऊन घेतला, तर सुरक्षेचे निम्मे आयुष्य दुकानाच्या कपाटातच सरलेले असते; आणि ज्या यंत्रातून बँकेचे व्यवहार करावयाचे, त्याच्या बाबतीत ही वजावट क्षुल्लक खासच नव्हे.

आता मोरगावच्या हंगामाकडे येऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि पीकपेऱ्याची नोंद, जी पूर्वी तलाठी भाऊसाहेब (त्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणावयाचे असते, पण गाव अद्याप ऐकत नाही) चावडीत बसून करीत, ती खातेदाराने स्वतः आपल्या गटात उभे राहून मोबाईलवर करावयाची झाली. खरिपाची ही मुदत साधारणतः १ ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असते. मुदतवाढ मिळते, पण ती सरकारच्या मर्जीची बाब. दसरा मुदतीनंतर येतो. म्हणजे ‘दसऱ्याला बघू’ म्हणणारा बाजरीचा खातेदार भाद्रपदात जुनाच फोन घेऊन वावरात उभा राहतो: कणसे खांद्याला लागलेली, उन्हात पडदा दिसेनासा झालेला, अक्षांश-रेखांश मिळविण्यासाठी पडद्यावरचे चक्र गरगर फिरते आहे, यंत्र तव्यासारखे तापले आहे, आणि छायाचित्र निघण्यापूर्वीच बॅटरी मान टाकते. पेऱ्याचा रकाना कोरा राहिला की मदत, विमा, हमीभावाची खरेदी, ज्या ज्या ठिकाणी नोंद मागतात त्या त्या ठिकाणी हेलपाटे सुरू होतात. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी ५००० रुपयांचे अर्थसाहाय्य जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीच्या अटीने कितीजण बाहेर पडत होते, हे ओरड होऊन ती अट सैल करावी लागली यावरूनच दिसते. हे नुकसान सवलतीच्या फलकावर छापलेले नसते.

कोणी म्हणेल, शेतीतही आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तेव्हा तीस योग्य असे नवे यंत्र येईपर्यंत थांबणेच इष्ट. हा आक्षेप बारामतीच्या इतक्या जवळ राहून घ्यावा याचे नवल वाटते. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत जो प्रयोग चालविला आहे, त्यात उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि मातीतील संवेदक यांची माहिती दूरच्या संगणकांत जाते, आकडेमोड तेथे होते, आणि शेतकऱ्याच्या फोनावर येतो तो पाणी केव्हा द्यावे याचा निरोप. निरोप वाचावयास या वर्षीचा प्रोसेसर लागत नाही.

याचा अर्थ, उद्याच बारामती गाठून हप्त्यावर सर्वांत महाग फोन उचलावा, असा कोणी काढील तर तो दुसऱ्या टोकाचा अविचार होय. बिनव्याजी हप्ता ही चीज मुळातच संशयास्पद. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांच्या शून्य टक्के व्याजाच्या योजनांना मनाई केली ती उगाच नव्हे. व्याज कुठेतरी मुरलेलेच असते, कधी प्रक्रिया शुल्कात, तर कधी रोखीने घेणाऱ्यास मिळणारी सूट आपल्याला न मिळण्यात.

मंडन करावयाचे ते इतकेच की, खरेदीची तारीख कंपनीच्या पंचांगावरून न काढता आपल्या कामाच्या मुदतीवरून काढावी. ठरल्या मुदतीचे काम हातातील यंत्राने होत नसेल, तर मुदतीच्या आधी घ्यावे, पुढे काय येणार याची चौकशी करू नये. घेताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलांपेक्षा सुरक्षा-सुधारणांची किती वर्षे शिल्लक आहेत हे विचारावे, आणि दुकानदार गडबडला तर दुसरे दुकान पाहावे. दोष केवळ बॅटरीचा असेल तर बॅटरी बदलावी. ‘आता की नंतर’ या वादात हा तिसरा मार्ग दोन्ही पक्ष विसरतात, कारण त्यात कोणाचाच फोन खपत नाही. युरोपीय संघाने १८ फेब्रुवारी २०२७ पासून वापरणाऱ्यास स्वतः बदलता येईल अशी बॅटरी देण्याचा दंडक, काही अपवाद ठेवून, घातला आहे, तो याच मार्गाची बूज राखणारा आहे.

एक आक्षेप उरतो, आणि तो मुर्टी-तरडोलीकडच्या कोणाही व्यवहारी माणसास सुचेल: एकाच मोबाईलवरून अनेक खातेदारांच्या पिकांची नोंद करता येते, मग पुतण्याचा फोन असताना आपण पैसे का घालावेत? यास उत्तर नाही, आणि देण्याचे कारणही नाही. ज्यास वर्षातून खरिपाला एकदा आणि रब्बीला एकदा एवढेच काम आहे, पुतण्या बोलावल्यावर बांधावर येतो, आणि बँकेचा ओटीपी साध्या बटणांच्या फोनावरही दिसतो, त्याने आता घेऊ नये आणि दसऱ्यालाही घेऊ नये.