सिस्टर व्हायचंय!

गेल्या शुक्रवारी कॉफी पिता पिता मैत्रिणीने बॉम्ब टाकला. ‘‘नोकरी सोडतेय. नर्सिंगला जाणार. मला बाळंतपणं करायचीत.’’

मॅडम बी.कॉम., वय २८, हिंजवडीत टीम लीडर. मला वाटलं, अप्रेझलचा राग असणार!

पण तसं नव्हतं. वहिनीच्या बाळंतपणाला ही रात्रभर हॉस्पिटलात होती. डॉक्टर आले ते अगदी शेवटी. तोवर कळा देणाऱ्या वहिनीची कंबर चोळत, धीर देत उभी होती ती सिस्टर. तेव्हापासून हिच्या डोक्यात हेच.

अमेरिकेत याला सरळ रस्ता आहे. येलसारख्या विद्यापीठात दुसऱ्या विषयातले ग्रॅज्युएट साधारण तीन वर्षांत आधी नर्स आणि मग मिडवाइफ होतात. (फी विचारू नका.) आपल्याकडे मात्र डिग्रीला कुणी विचारत नाही. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीला बायॉलॉजी हवं, म्हणजे कॉमर्सवाले आउट. उरला जीएनएम, अर्थात जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. तीन वर्षांचा डिप्लोमा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमांत आर्ट्स-कॉमर्सची बारावी चालते. इंग्रजी आणि ४० टक्के हवेत, वय ३५ पर्यंत. पास झालात की राज्याच्या कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन: नर्स म्हणूनही आणि मिडवाइफ म्हणूनही.

पण लेबर रूमची खरी सूत्रं हातात हवी असतील, तर अजून थांबा. सरकारने २०१८ मध्ये ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ आणलं. नॉर्मल बाळंतपण पूर्णपणे मिडवाइफने सांभाळायचं, ही त्यामागची कल्पना. कोर्स १८ महिन्यांचा, त्याआधी दोन वर्षांचा अनुभव. मी टिश्यू पेपरवर हिशेब मांडला: ३४ उलटून जातील! वर शेजारच्या बाकावर सतरा-अठराच्या पोरी, त्या हिला ताई म्हणणार. पगार बंद, गाडीचा हप्ता चालू. मला तरी हे जमलं नसतं.

घरी तर भूकंपच. बाबा म्हणाले, ‘‘एवढं शिकवलं ते बेडपॅन उचलायला?’’

ही म्हणाली, ‘‘बाबा, तुमचा जन्म गावात सुईणीच्याच हातावर झाला ना?’’

बाबा चहा अर्धा टाकून उठून गेले. आठवडा झाला, बोलत नाहीयेत. आई मध्ये निरोप्या.

काल रात्री तिचा मेसेज आला, ‘‘बारावीची मार्कशीट सापडली. इंग्रजीत ७१. बाबांच्याच फाइलमध्ये होती. त्यांनीच काढून टेबलावर ठेवली.’’