शिक्का मिरवण्यासाठी नव्हता

१/ जुन्नरच्या बसस्थानकाबाहेर थोडा वेळ उभे राहा. कितीतरी गाड्यांच्या काचांवर शिवरायांची अष्टकोनी राजमुद्रा दिसेल. समोर शिवनेरी असताना हा अभिमान स्वाभाविकच. तरीही मला वाटते, मुद्रा मिरवताना तिचे काम आपण विसरलो आहोत. हा धागा त्या कामाविषयी.

२/ शहाजीराजांची मुद्रा फारसीत होती, शिवरायांची संस्कृतात. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढणारी ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. ती ज्या आरंभीच्या पत्रांवर आढळते, त्यांतील एक २८ जानेवारी १६४६ चे : रांझे गावच्या पाटलाला बदअंमलाबद्दल दिलेल्या शिक्षेचे. कल्याणाचे वचन आणि अधिकाऱ्याला जाब, दोन्ही एकाच कागदावर.

३/ मुख्य मुद्रा पत्राच्या आरंभी उमटे. शेवटी लहान शिक्का : ‘मर्यादेयं विराजते’. मर्यादा म्हणजे सीमा. मजकूर येथे संपला, याखाली कोणी अक्षर वाढवू नये. हेच मोर्तब. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द याच व्यवहारातून आला.

४/ चीनमध्ये चित्रकार स्वतःच्या नावाचा लाल शिक्का चित्रावर उमटवीत, पुढे संग्राहकही आपले शिक्के त्यावर उमटवीत. अठराव्या शतकातील छ्येन्लुंग सम्राटाने तर जुन्या चित्रांवर शिक्क्यांची गर्दी केली. तेथे शिक्का मालकीही सांगे. मराठी दफ्तरात तो प्रामुख्याने जबाबदारी सांगतो.

५/ पेशव्यांचेच पाहा. सत्ता पुण्यात एकवटली, तरी त्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव येई आणि नंतर ‘मुख्य प्रधान’ म्हणून स्वतःचे. हा निव्वळ उपचार होता, असे कोणी म्हणेल. मला तो उपचारही मोलाचा वाटतो : अधिकार कोठून आला, हे प्रत्येक कागदावर कबूल करावे लागे.

६/ ज्यांच्याजवळ शिक्का नव्हता, त्यांचे काय? गावच्या महजरावर पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, चांभाराची रापी. अक्षर न येणाऱ्याचीही साक्ष कागदावर राही. राजमुद्रेइतकाच आदर मला या नांगराविषयी वाटतो.

७/ जुन्नर एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. जुन्नर-आंबेगावातील जुन्या वाड्यांत आजही मोडी कागदांची रुमाले सापडतात. पुष्कळदा पहिला प्रश्न येतो, ‘यात गुप्तधनाचा पत्ता आहे का?’ नसतो. त्यात पाण्याची पाळी असते, बांधाचा तंटा असतो, आपल्याच पणजोबांची साक्ष असते. वाळवीला मात्र सारे सारखेच.

८/ म्हणून मित्रांनो, काचेवरची मुद्रा खुशाल ठेवा. पण मोडी शिका. घरातले कागद प्लास्टिकमध्ये कोंबू नका, त्यांची छायाचित्रे घ्या, जाणकारांना दाखवा. ज्या मुद्रेने प्रत्येक शब्दाला जबाबदार धरले, तिचा मान तिने अंकित केलेला कागद वाचण्यातच आहे.