औषधाआधी ओटीपी?

कोविडची साथ ओसरली, पण एक सवय मागे ठेवून गेली. सरकारी आरोग्यसेवेतलं बरंचसं काम आता मोबाईलपासून सुरू होतं. नोंदणी करा, ओटीपी सांगा, क्यूआर कोड स्कॅन करा, मग पुढचं. "सगळं किती सोपं झालं!" असं म्हणतात. पण कोणासाठी?

थोडं आठवून पाहा. राज्यातले पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. २ एप्रिलला आरोग्य सेतू ॲप आलं. त्याला स्मार्टफोन हवा आणि ब्लूटूथ सुरू हवं. त्याच महिन्यात भवानी पेठेत साथ पसरत होती. तिथल्या दाट वस्तीत रुग्ण शोधायला महापालिकेच्या कर्मचाऱ्यांना दारोदारच फिरावं लागलं.

मग आली लस. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन पोर्टलवर आधी वेळ घेणं सक्तीचं झालं. पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं आणि स्लॉट बघता बघता संपायचे. पुण्यातले लोक मोटारी काढून जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन लस घेऊन आले आणि त्या गावातले लोक बघत राहिले.

लसीचा तुटवडा होता, हा काही पोर्टलचा दोष नाही. पण तुटवड्यात आधी कोणाला द्यायचं, याचा वैद्यकशास्त्रात एक साधा नियम आहे: ज्याला धोका जास्त, त्याला आधी. कोविनचा नियम होता: ज्याचं बोट चपळ, त्याला आधी. मार्केट यार्डातला हमाल दिवसभरात शेकडो माणसांच्या संपर्कात येतो. घरून काम करणाऱ्या आयटीवाल्यापेक्षा त्याला लस आधी मिळायला हवी होती. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही फक्त पोर्टलवर विसंबण्याबद्दल शंका उपस्थित केली. शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हर घर दस्तक' मोहिमेत सरकारच लोकांच्या दारात गेलं.

"म्हणजे डॉक्टर, संगणक नकोच का?" हवा, जरूर हवा. दुसऱ्या डोसची नोंद, प्रमाणपत्र, लसीच्या साठ्याचा हिशेब, हे सगळं त्यामुळेच जमलं. पण फरक लक्षात घ्या. सप्टेंबर २०२० मधल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतही ॲप होतं. ते आरोग्य पथकाच्या हातात होतं आणि सोबत ऑक्सिमीटर होता. नोंद ठेवण्याचं काम यंत्रणेचं होतं. कोविनने तेच काम रुग्णावर टाकलं.

आज हेच पुन्हा होऊ शकतं. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि १४ अंकी 'आभा' क्रमांक आला. जुने रिपोर्ट एका जागी मिळणं रुग्णाच्या फायद्याचंच आहे. पण हा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार अडता कामा नयेत.

बोटाच्या ठशांचंही तसंच. वयानुसार त्वचा कोरडी पडते आणि ठसे पुसट होतात. सिमेंटमध्ये काम करणारे गवंडी, दिवसभर भांडी घासणाऱ्या बायका यांचे ठसे झिजतात. कॅपेसिटाबिनसारख्या कॅन्सरच्या औषधाने काहींचे ठसे काही काळ नाहीसेही होतात. म्हणजे ज्यांना उपचारांची गरज जास्त, त्यांनाच यंत्र ओळखत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी दवाखान्यात एक खिडकी अशी असावी, जिथे मोबाईल नसलेल्या माणसाचा केसपेपर निघेल. संगणकातली नोंद कर्मचाऱ्याने नंतर करावी.

तुम्हाला कोणी "आभा नाही तर केसपेपर नाही" म्हटलं, तर शांतपणे सांगा: "ते ऐच्छिक आहे, माझी नोंद कागदावर करा." ऐकलं नाही, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. आणि रांगेत पुढच्या आजी मोबाईल हातात घेऊन गोंधळल्या असतील, तर त्यांच्या वतीनेही हेच सांगा.