रुची आणि रोजंदारी

मूल भाजीला तोंड लावत नाही म्हणून आईला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः गोडाची ओढ उपजत असते. इतर अनेक चवींची आवड लावावी लागते. आईच्या आहाराचा स्वाद गर्भजलातून व दुधातून बाळाला परिचित होतो. पुढे नवा पदार्थ आठ-दहा वेळा, सक्ती न करता भरविला, तर बहुतेक मुले तो स्वीकारतात, असे संशोधन सांगते.

परंतु त्यासाठी सवड लागते आणि थुंकलेला घास वाया जाऊ देण्याची ऐपत लागते. रोजंदारीवर राबणाऱ्या स्त्रीपाशी दोन्ही नसतात. मग रडणाऱ्या मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटपुडा येतो, आणि त्याची रुची बाजार घडवितो.

संघटित क्षेत्रातील स्त्रीला २०१७ पासून २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळते. शेतमजूर स्त्रीला ती नाही. हा भेद मिटला पाहिजे. कामाच्या जागी पाळणाघर हवे. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडी योजनेतून लहानग्यांना ताजे, विविध अन्न नित्य मिळाले पाहिजे. तोवर मजूर मातेला बोल लावण्याचा अधिकार समाजाला पोचत नाही.